पोचले म्हटल्यानंतरची वाट

सेम्बावांग

सिंगापुरात धबधबा बघायचा तर तिकीट काढावं लागतं आणि सोबत स्वेटर न्यावा लागतो. मरीना बेजवळच्या बागेत काचेचा एक प्रचंड घुमट आहे. त्यात एसी लावून डोंगरावरची हवा तयार केलीय, आणि त्या हवेत एक धबधबा दिवसभर पडत असतो. माथ्यावर जायला लिफ्ट आहे. हे मी नावं ठेवायला लिहीत नाही. ज्या बेटावर डोंगर नाहीत तिथल्या लोकांनी तो बांधून काढला, याचं मला कौतुकच आहे. पण माझं आजोळ पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. तिथल्या पोरीला त्या घुमटात उभं राहिल्यावर सारखं वाटत राहतं, की याचं बटण कुठेतरी असणार आणि संध्याकाळी कुणीतरी ते बंद करून घरी जात असणार.

खरा डोंगर म्हणून आहे तो बुकित तिमा, सिंगापूरचा सर्वांत उंच. वरपर्यंत डांबरी रस्ता, माथ्यावर एक मोठा धोंडा आणि त्या धोंड्यापाशी फोटोसाठी रांग. सकाळी सत्तरीतली चिनी आजोबामंडळी गळ्यात रेडिओ अडकवून तो उलट्या पावलांनी चढतात. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. सेम्बावांगला माझ्यासोबत राहणारी फ्लॅटमेट केतकी कोथरूडची, कॉलेजात असताना सह्याद्रीतले गड पालथे घातलेली. ती पहिल्यांदा तिथे आली तेव्हा इकडेतिकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे याला टेकडी म्हणतात आणि लोक तिथे कुत्रं फिरवायला नेतात."

मी गप्प बसले, कारण मी एकही गड चढले नव्हते. पुण्याला कॉलेजात शनिवारी हॉस्टेलातल्या मुली बूट घालून, सॅक पाठीला लावून निघायच्या, तेव्हा मी कराडची एसटी धरायचे. घरच्या गिरणीवर माणूस कमी असायचा. 'ट्रेक' हा शब्दच मी कॉलेजात पहिल्यांदा ऐकला. आजोळी आम्ही करवंदं काढायला डोंगरावर जायचो, मामी सरपण आणायला जायची. त्याला कुणी काही नाव दिलं नव्हतं.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कराडला पिठाची गिरणी चालवतात. आई चौथी शिकलेली. मी इंजिनियर झाले, नोकरीला लागले आणि कंपनीने मला सिंगापूरला पाठवलं, हे मी कुणी न विचारताही सांगते. सांगायला लाज कसली?

ही गोष्ट २०१७ सालची. माझी धाकटी बहीण स्वाती हिला कोचीच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, समुद्रातल्या जीवांच्या अभ्यासासाठी. तिने तोवर समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत, पण तिला शिकायचं ते हेच. अण्णांना पटेना. मुलगी हुशार आहे, शिकावं तिने, पण एवढ्या लांब, परक्या भाषेत, एकटीने? मासेच बघायचे तर कृष्णेत काय कमी आहेत, असं ते म्हणाले, आणि स्वाती त्या दिवशी जेवली नाही. मग मी फोन करून माझंच उदाहरण दिलं. मी नाही का परदेशात एकटी राहत?

अण्णा आवाज न चढवता म्हणाले, "तू एकटी कुठं राहतीस गं? कंपनीनं नेलं, कंपनीनं पास काढला. घरात तीन पोरी, रविवारी तुमचं मंडळ. न्यायला कुणी नाही अन् आणायला कुणी नाही, अशा जागी कधी गेलीस का?"

मी तशी जागा आठवत होते, तोवर अण्णाच पुढे म्हणाले,

"जाऊन ये. धड परत आलीस, तर स्वातीचं बोलू. आणि रोज मुक्कामाला पोचलीस की फोन."

प्रवेश पक्का करायची मुदत पुढच्या आठवड्यात संपणार होती. योगायोगाने त्याआधीच्या लाँग वीकेंडला केतकी आणि मी मलेशियातल्या कॅमेरन हायलंड्सला जाणार होतो. मी केतकीला म्हटलं, तू येऊ नकोस. तिला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिने माझ्याशी बोलणं टाकलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र स्वतःचं रेनजॅकेट माझ्या पलंगावर फेकून म्हणाली, "माझ्याच ट्रिपमधून मला काढलंस. निदान भिजू तरी नकोस."

मुक्कामाला पोचल्याचा फोन म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. गावाला गेलेलं माणूस पोचल्याचं कळल्याशिवाय आईच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि वाचकाला हेही ठाऊक असेल, की आपण सगळेच तो फोन जरा आधी करतो. एसटी अजून नाक्यावर असते, आणि आपण सांगून टाकतो, पोचले. तेवढंच घरच्यांना लवकर जेवता येतं. याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नव्हतं.

ताना राता

बस सिंगापूरहून थेट डोंगरात जाते, त्यामुळे प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. डोळे उघडले तेव्हा घाट होता, खिडकीबाहेर धुकं होतं, आणि मागच्या सीटवरच्या बाई पिशवीत ओकत होत्या. घाट म्हटला की हे आलंच.

ताना राता हे कॅमेरन हायलंड्समधलं राहण्याजेवण्याचं गाव. मी खाली उतरले आणि मला हसूच आलं. हे तर महाबळेश्वर! रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या पाट्या, वाफेवर उकडलेली कणसं, लोकरीच्या टोप्या, नवीन लग्न झालेली जोडपी आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या गाड्या. फक्त इथल्या स्ट्रॉबेरीला आपल्या स्ट्रॉबेरीची सर नाही. दिसायला लालभडक, खायला पाणचट. आम्ही सातारा जिल्ह्यातली माणसं. या बाबतीत आम्ही भीड ठेवत नाही.

माझं गेस्टहाउस लेच्छुमी आंटींचं. त्यांचे आजोबा तामिळनाडूतून चहाच्या मळ्यात मजूर म्हणून आले, आईने पाठीला टोपली बांधून पानं खुडली, आणि या बाई त्याच गावात तीन मजली गेस्टहाउसच्या मालकीण. त्यांनीही हे मला न विचारता सांगितलं, आणि त्याच क्षणी त्या मला आवडल्या. त्यांची मुलगी क्वालालंपूरला वकिलीचं शिकत होती. भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी मुलीचा फोटो, दोघांनाही सारखाच झेंडूचा हार. जिवंत माणसाच्या फोटोला हार बघून मी दचकले. आपल्याकडे तसा हार कुणाला घालतात ते मी सांगितल्यावर आंटी पोट धरून हसल्या. सेमिस्टरची परीक्षा संपेपर्यंत तो तसाच राहणार म्हणाल्या.

इथे जंगलातल्या वाटांना नावं नाहीत, नंबर आहेत. एक नंबर, चार नंबर, दहा नंबर. पाहुणा बाहेर पडायला लागला की आंटी स्वयंपाकघरातून ओरडून विचारणार, "विच नंबर?" तुम्ही नंबर सांगायचा आणि मगच जायचं. जंगलात माणसं चुकतात, पूर्वी चुकलेली आहेत, म्हणून त्यांची ही पद्धत. परत आलेल्यांची हजेरी त्या दारातल्या चपलांवरून घेत. बूट-चपला बाहेर काढायच्या हा तिथला नियम आपल्यासारखाच. सगळ्यांची पायताणं दारात दिसली की आंटी निवांत.

पहिल्या दिवशी मी 'चार नंबर' म्हणून गेले. गावाजवळच पारित नावाचा धबधबा आहे. धबधबा म्हणजे काय, दगडावरून येणारं चहाच्या रंगाचं पाणी आणि खालच्या डोहात तरंगणाऱ्या बाटल्या. सिंगापूरच्या घुमटातला बरा, असं मनात आलं, आणि लगेच मी ते मनातून काढून टाकलं. दुपारी बाजारात केळीच्या पानावर जेवले. सांबार, कोबीची भाजी, पापड, आणि वाढणारा मुलगा तीन वेळा भात वाढून गेला. एकटी बाई जेवतेय म्हणून कुणी वळून पाहिलं नाही. मीच सुरुवातीला फोनमध्ये डोकं घालून बसले होते. नंतर फोन ठेवला आणि नीट जेवले. असं लोकांसमोर एकटीने, वर बघत, सावकाश जेवणं मला अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा जमलं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर अण्णांना फोन केला. अण्णांचा फोन साधा, बटणांचा, पिठाने पांढरा झालेला. "पोचले," मी म्हटलं. त्यांनी विचारलं, वाघबिघ आहेत का. आईने विचारलं, जेवलीस का. मागून स्वातीचा आवाज आला, "ताई, नीट जा गं." या चार शब्दांत तिचं सगळं वर्ष अडकलेलं होतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

दहा नंबर

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटींना 'दहा' सांगून निघाले. ही वाट गुनुंग जासार नावाच्या डोंगरावर जाते. गुनुंग म्हणजे पर्वत. सिंगापुरात जंगलातल्या वाटेवर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात, दर वळणावर नकाशा असतो, आणि माकडाला खाऊ घालू नका, असं लिहिलेलं असतं. इथे पत्र्याची एक गंजकी पाटी, तिच्यावर '१०', आणि पुढे आपण आणि झाडं.

झाडांची मुळं जिन्यासारखी वर गेलेली. त्यांच्यावर ओलं शेवाळ. हाताने धरून, गुडघा टेकून, कुठे बसून चढायचं. पहिली चढण संपेपर्यंत छाती फुटायची वेळ आली. मग हळूहळू पायांना काहीतरी आठवायला लागलं. पाऊल आडवं टाकायचं, दगड आधी दाबून बघायचा, वाळकी फांदी धरायची नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मामीच्या मागून डोंगर चढता चढता अंगात आलेलं असणार. वाटेत बूट, काठ्या, टोप्या असा सगळा जामानिमा केलेलं एक गोरं जोडपं दम खात बसलं होतं. मी त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणून पुढे गेले आणि ते दिसेनासे होईपर्यंत थांबले नाही. नंतर झाडाआड बसून पोटभर धापा टाकल्या.

माथ्यावरून डोंगरांच्या रांगांवर रांगा दिसतात आणि मधल्या दरीत चहाचे मळे, कुणीतरी हिरव्या केसांवर बारीक कंगवा फिरवल्यासारखे. तिथे दुसरं कुणी नव्हतं. आईने पूर्वी बांधायला शिकवली तशी मी शेंगदाण्याची चटणी आणि पोळी बांधून आणली होती, सिंगापूरच्या पिठाची. ती खाल्ली. स्वतःचा एक फोटो काढला. त्या फोटोत माझं नाक लाल आहे, केस कपाळाला चिकटलेत, आणि मी अशी बघतेय जणू तो डोंगर मी विकत घेतलाय. तो फोटो मी आजही कुणालाही दाखवते.

दुपारच्या आत मी खाली आले. आंटींनी मला बघितलं, मान डोलावली. मी चिखलाचे कपडे बदलले, चपला घालून समोर जाऊन चहा पिऊन आले, चपला दारात काढल्या. इथे संपलं असतं तर बरं होतं. पण अंगात वारं शिरलं होतं. सहलीला आलेल्या माणसाने बघायचा तो इथला खरा धबधबा म्हणजे रॉबिन्सन, आणि तो नऊ नंबरच्या वाटेवर. जवळच तर आहे, म्हटलं. ओले बूट हातात उचलून नेऊन खोलीतच वाळत घातले होते. ते घातले आणि मागच्या जिन्याने, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांमधून बाहेर पडले. आंटी पुढच्या बाजूला कुणाशी तरी बोलत होत्या. नंबर सांगायचा राहिला.

नऊ नंबर

वाटेच्या तोंडाशी उकडलेल्या कणसांची एक गाडी होती. तिथे फोनची रेंज अर्धवट होती. पुढे नसणार, हे उघड होतं. यायला संध्याकाळ होईल, फोन उशिरा गेला तर अण्णा गिरणी सोडून सिंगापूरला फोन लावत सुटतील, आणि स्वातीचं प्रकरण तिथेच मिटेल. म्हणून मी भर दुपारी, रस्त्यावर उभं राहून अण्णांना सांगितलं, "पोचले खोलीवर. आज लवकर उतरले, दमलेय, आता जेवून झोपतेच. आज इथे रेंज धड नाही, उद्या बोलू."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "नीज बाळा."

धबधबा मात्र खरा होता. आवाज आधी आला, मग गार तुषार, मग एकदम झाडांमधून खाली कोसळणारं ते लालसर पाणी. गावचा सगळा कचराही त्यात येतो, ते मी लपवत नाही. पण एवढ्या जोराने येतो की त्यालाही एक रुबाब येतो. मी रेलिंगला धरून भिजत उभी राहिले. तिथूनच परत फिरायचं, तर पाटी दिसली. नऊची वाट पुढे खाली उतरत होती. थोडं पुढे जाऊन येते, म्हटलं.

थोड्या वेळाने पाऊस आला. डोंगरातला तो दुपारचा पाऊस, सांगून न येणारा. वाटेवर एक अख्खं झाड आडवं पडलेलं होतं. त्याला वळसा घालून पलीकडे उतरले तर पलीकडे वाट नव्हती. मागे वळले तर ते झाडही सापडेना. एका ओल्या मुळावरून बूट घसरला आणि मी बसत बसत खाली गेले, बरीच खाली. उठले तेव्हा डावा घोटा दुखत होता. पाऊल टेकवता येत होतं, पण जोर देता येत नव्हता. फोनला रेंज नव्हती.

तेव्हाही मी घाबरले नव्हते. कुणीतरी शोधायला येईल, असं मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, की कोण येणार? आंटींच्या लेखी मी दहा नंबरवरून परत आलेय आणि माझ्या चपला दारात आहेत. अण्णांच्या लेखी मी जेवून झोपलेय. आई निवांत जेवली असेल. मी पोचलेलीच आहे. पोचलेल्या माणसाला कुणी शोधत नाही.

त्या चिखलात बसून मला रडू आलं ते माझ्यासाठी नाही, हे मी खरं सांगते. मला स्वातीचं आठवलं. मी सकाळपर्यंत सापडले नाही तर नंतर सापडून उपयोग नव्हता. मग त्या मुलीला कोची राहू दे, कराडच्या पुलापलीकडेही कुणी एकटीला सोडणार नव्हतं. मोठीचं काय झालं ते बघितलं ना, असं सगळे म्हणणार, आणि म्हणणाऱ्यांचं तोंड मी कशी धरणार?

रडून झाल्यावर आजूबाजूला बघितलं. उजव्या हाताला, पानांखाली, काळा प्लास्टिकचा पाइप होता. मनगटाएवढा, जमिनीवरून साप गेल्यासारखा गेलेला.

आता हे शहरातल्या माणसाला काय सांगणार? आमच्या आजोळी वरच्या झऱ्याचं पाणी असंच पाइपाने घरापर्यंत आणलेलं आहे. जंगलात पाइप आपोआप उगवत नाही. कुणीतरी तो खांद्यावरून आणतं, टाकतं, आणि तुंबला की साफ करायला त्याच वाटेने येतं. म्हणजे त्याच्या खालच्या टोकाला माणूस असतो. मी आडवी होऊन पाइपाला कान लावला. आत पाणी वाहत होतं. मामी खाली नळ बंद करायची तेव्हा पाइप गप्प व्हायचा, तेवढं मला माहीत होतं. हा वाहत होता. म्हणजे कुणीतरी आत्ता, या घटकेला, खाली पाणी वापरत होतं.

मी पाइप धरून उताराला लागले, तो सोडला नाही. जिथे तो ओढ्यावरून अधांतरी गेला तिथे मी ओढ्यात उतरून पलीकडे त्याला पुन्हा धरला. जिथे तो झाडोऱ्यात घुसला तिथे मीही घुसले. केतकीचं जॅकेट दोन जागी फाटलं. एका ठिकाणी त्याला दुसरा पाइप येऊन मिळाला, तेव्हा मला जवळची माणसं भेटल्यासारखं झालं. उजेड जायला लागला होता, पण झाडं विरळ होत होती. मग प्लास्टिकचं छप्पर दिसलं, लांबच लांब, आणि त्याखाली कोबीच कोबी. दोन कुत्री माझ्यावर धावून आली. कुत्र्यांना बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

छपराखाली गमबूट घातलेला एक म्हातारा चिनी शेतकरी कोबी धुऊन पेटीत भरत होता. त्याने आधी मला बघितलं, मग मी आले त्या जंगलाकडे बघितलं, मग पुन्हा मला. सिंगापूरला येऊन मी जी इंग्रजी शिकले, आणि जिची केतकी टिंगल करते, तीच तिथे कामाला आली. मी म्हटलं, "अंकल, ताना राता कॅन गो ऑर नॉट?"

"अलोन आह?" त्याने विचारलं.

"अलोन."

तो हातातला कोबी खाली ठेवून म्हणाला, "मदर नो ऑर नॉट?" आईला ठाऊक आहे का, असं.

"नो," मी म्हटलं. आईला ठाऊक होतं ते एवढंच, की मी खोलीत गाढ झोपलेय.

त्याने मला बिनसाखरेचा, कडू, कढत चहा दिला. मग एका जुन्यापुराण्या लँडरोव्हरमध्ये पुढे मला आणि मागे कोबीच्या पेट्या घालून गावात आणून सोडलं.  उतरताना त्याने एक कोबी माझ्या हातात दिला आणि मला काहीतरी सुनावलं. भाषा कळली नाही, पण सूर कुठल्याही बापाचा असतो तसाच होता.

गेस्टहाउसमध्ये शिरले तर आंटी टीव्हीपुढे बसल्या होत्या. मालिका चालू होती आणि आवाज जवळपास बंद. माझं चिखलाने भरलेलं ध्यान बघून त्या उठल्या, दारातल्या माझ्या चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आय थॉट यू स्लीपिंग," त्या म्हणाल्या. "सो आय मेक टीव्ही स्मॉल."

मला झोप लागावी म्हणून त्या बाईने तास न् तास टीव्हीचा आवाज बारीक ठेवला होता. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. त्या माझ्यावर तामिळमध्ये भरपूर ओरडल्या आणि ओरडता ओरडताच घोट्याला तेल लावायला बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या कोबीची खोबरं घालून भाजी केली. मी दोनदा मागून घेतली.

परत सेम्बावांगला

केतकीने फाटलेलं जॅकेट बघितलं आणि सगळं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं एकच होतं, की घरी सांगायची गरज काय? गेलीस, आलीस, अंगावर सगळे अवयव आहेत. अण्णांनी विचारलं होतं ते तू करून दाखवलंस. आता उगाच शहाणपणा करून त्या पोरीचं वाटोळं करू नकोस.

तिचं चुकत नव्हतं. मी तो विचार बसमध्ये संपूर्ण रस्ताभर करत आले होते. पण एक गोष्ट मनातून जाईना. स्वाती कोचीला गेली, तर अण्णांच्या हातात काय उरणार होतं? त्यांना मल्याळम येत नाही, कोची कुठे आहे हे नकाशात दाखवावं लागतं. त्यांच्याजवळ असणार होता तो रोज संध्याकाळचा एक शब्द. तो शब्द मी आधीच पोकळ करून ठेवला होता, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या पोकळ शब्दावर बहिणीला पाठवणं मला जमेना. आणि दुसरंही होतं, ते लपवत नाही. मी जंगलातून स्वतःच्या अकलेने बाहेर आले होते. एवढी मोठी गोष्ट बापाला सांगायची नाही, तर सांगायची कुणाला?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना आमच्या ब्लॉकखाली पोचले आणि अण्णांचा फोन आला.

"पोचलीस का घरी?"

"ब्लॉकखाली आहे, अण्णा. अजून वर गेले नाही," मी म्हटलं. आणि तिथल्याच दगडी बाकावर बसून सगळं सांगितलं. कणसाच्या गाडीपासून कोबीपर्यंत. समोर दोन म्हातारे पटावर सोंगट्या सरकवत बसले होते. मी मराठीत रडतेय की भांडतेय ते त्यांना कळेना.

 

"पाय कसाय?" अण्णांनी विचारलं.

"बराय. थोडा सुजलाय."

"पोचली नव्हतीस अन् पोचले म्हणालीस."

"म्हणाले."

"मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या," ते म्हणाले.    मग ते खाकरले आणि त्यांनी ज्या आवाजात गिरणीचा पट्टा का तुटला ते विचारतात, त्या आवाजात विचारायला सुरुवात केली. पाइप केवढा होता? किती इंची? पाण्याचा आवाज येत होता? मध्येच पाणी बंद झालं असतं, तर काय केलं असतंस?

"तरी पाइपच धरून गेले असते," मी म्हटलं. "ज्यानं टाकला त्याला रोज त्याच वाटेनं यावं लागत असणार."

"हं."

 मला आईचा आवाज आला, काय म्हणतेय, पोचली का, असं ती विचारत होती. अजून नाही, खालीच आहे, असं अण्णांनी तिला सांगितलं.

"हे सगळं स्वातीला नीट सांग," ते मला म्हणाले. "चुकलीस कुठं अन् निघालीस कशी, दोन्ही. कोचीला जायच्या आधी सांग तिला."